वैमानिकांच्या झोपेचा हिशेब

मुलगी विमान चालवते म्हटले की लोकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पगार किती, आणि कुठले कुठले देश पाहिले? लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत, सकाळी फिरायला जाताना, सगळीकडे हेच. ती झोपते कधी, असे आजवर कुणीही विचारलेले नाही. मी मात्र पहिल्यांदा तेच विचारले होते. याचे कारण माझ्या नोकरीत आहे. माझी सारी उमर एका बस डेपोत चालक-वाहकांच्या ड्युट्या लावण्यात गेली.

संध्याकाळी उद्याची ड्युटी लिस्ट फळ्यावर लागली की तिथे कशी झुंबड उडते, ते डेपोत काम केलेल्यालाच ठाऊक. कुणाला चोर्ला घाटातून पणजीची फेरी, कुणाला चंदगडकडची मुक्कामी गाडी. मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर रात्री गावात पोचायचा, मागच्या लांब सीटवर अंग टाकायचा आणि पहाटे पाचला दूधवाले, शाळेची पोरे घेऊन परत निघायचा. कागदावर त्याला विश्रांती मिळालेली असायची. डास, कुत्री आणि देवळातले भजन यांची नोंद कागदावर नसते. मोटार परिवहन कामगारांसाठी तेव्हा १९६१ चा कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, असे त्यात लिहिलेले होते. तो कायदा मला तोंडपाठ होता. पण डोळे तांबारलेला ड्रायव्हर सकाळी समोर उभा राहिला, की कायद्याच्या आधी त्याच्या तोंडाकडे पाहावे लागे.

लेक को-पायलट झाली आणि तिची ड्युटी लिस्ट मोबाईलवर येऊ लागली. तिला रोस्टर म्हणतात. सुट्टीवर घरी आली होती तेव्हा तिने ते मला उलगडून दाखवले. नावे वेगळी, बाकी आमचाच डेपो! आमच्याकडे राखीव चालक असतो, त्यांच्याकडे स्टँडबाय. फोन वाजला की निघायचे, म्हणून धड झोपता येत नाही आणि धड जागताही येत नाही. आमचा ड्रायव्हर दुसऱ्या डेपोतली गाडी आणायला प्रवासी म्हणून बसून जातो, तसा वैमानिकही दुसऱ्या शहरातले विमान घ्यायला प्रवासी खुर्चीत बसून जातो. युनिफॉर्म अंगावर असतो, काम काही नसते, पण तो वेळ विश्रांतीत धरता येत नाही.

आता पहाटे पाचच्या विमानाचा हिशेब बघा. प्रवासी म्हणतो, पाचला निघून सातला पोचलो, दोन तासांचे काम. वैमानिकाला तासभर आधी विमानतळावर हजर व्हावे लागते. हवामान, इंधन, विमानातल्या नोंदवलेल्या दुरुस्त्या हे सगळे तपासायचे, दारूची श्वासचाचणी द्यायची. बेंगळुरूसारख्या शहरात घर ते विमानतळ दीड तास सहज लागतो. म्हणजे न्यायला गाडी अडीचच्या सुमारास दारात, आणि गजर दीडचा. आदल्या रात्री आठला अंथरुणावर पडले तरी खालच्या मजल्यावरचा टीव्ही झोपू देत नाही. मग सात वाजता पोचल्यावर तेच विमान घेऊन तिसऱ्या शहरी, तिथून परत. धुके पडले की दोन दोन तास कॉकपिटमध्ये बसून राहायचे. बहुतेक कंपन्यांत पगाराचा एक भाग ठरलेला असतो आणि दुसरा उड्डाणाच्या तासांवर मिळतो. विमान हलल्यापासून थांबेपर्यंतचे ते तास. धुक्यात थांबण्याचे मोल त्यात नाही. आमच्या वाहकांना स्टँडवर दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेबद्दल जी तक्रार असायची, तीच ही.

अर्थात बस आणि विमान सारखे नाही. दमलेला ड्रायव्हर रस्त्याकडेला गाडी लावून तोंडावर पाणी मारू शकतो, वैमानिकाला ती सोय नाही. शिवाय पहाटे दोन ते सहा हा काळ माणसाच्या शरीराचा सर्वांत सुस्त काळ. त्या वेळी लक्ष मंदावते, निर्णय चुकतात. कितीही सवय झाली म्हणा, शरीराचे घड्याळ मोबाईलच्या गजराला जुमानत नाही.

आपल्या भागातल्या लोकांना मंगळूरचा अपघात आठवत असेल. २२ मे २०१० रोजी दुबईहून रात्री निघालेले विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरला उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ माणसे गेली. चौकशीत कॉकपिटमधले ध्वनिमुद्रण ऐकले गेले, तेव्हा कॅप्टन प्रवासातला बराच वेळ गाढ झोपेत होते असे आढळले. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ मेंदूवर गुंगी राहते, तिचाही परिणाम निर्णयावर झाला असावा, असे चौकशी न्यायालयाने नोंदवले. को-पायलटने उतरणे सोडून पुन्हा वर चढण्याबद्दल तीनदा सांगितले होते. माझी लेक त्याच खुर्चीत बसते. मला विमानाची भीती वाटते का, असे लोक विचारतात. मला विमानाची नव्हे, रोस्टरची भीती वाटते.

म्हणूनच जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम जाहीर केले, तेव्हा मी ते एकेक शब्द वाचले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. 'रात्र' पूर्वी बारा ते पाच धरली जाई, ती सहापर्यंत वाढवली. रात्रीच्या ड्युटीत पूर्वी सहा वेळा विमान उतरवता येत असे, ते दोन वेळांवर आणले. एका तासाने काय होते, असे वाटेल. पण पाच ते सहा हाच तो डुलकीचा तास, आणि त्या तासात उतरणारी विमाने कमी नाहीत. तो एक तास 'रात्री'त गेला की सारे वेळापत्रक नव्याने मांडावे लागते.

कंपन्यांनी मुदत मागितली आणि अंमलबजावणी पुढे गेली. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. शेवटी नियम दोन हप्त्यांत लागू झाले, काही १ जुलै २०२५ पासून आणि रात्रीचे कडक नियम १ नोव्हेंबरपासून. पुढचे सर्वांनी टीव्हीवर पाहिलेच. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची, इंडिगोची, विमाने धडाधड रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एकाच दिवशी हजाराहून अधिक. विमानतळांवर बॅगांचे डोंगर, लग्नाला निघालेली वऱ्हाडे जमिनीवर झोपलेली. शेवटी सरकारने त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली.

त्या दिवसांत आमच्या ओळखीतले एक गृहस्थ पुण्यात अडकले होते. त्यांचा मला फोन. "काय हो, तुमच्या पोरीच्या लोकांनी हे काय चालवलंय? एवढा पगार घेऊन झोपा हव्यात यांना!" लेक त्या कंपनीत नाही, हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना डेपोचे साधे गणित सांगितले. शंभर ड्रायव्हर आहेत आणि सगळे जास्तीत जास्त तास चालवताहेत. उद्या प्रत्येकाला आठवड्यात बारा तास जादा विश्रांती द्यायची, तर एक तर ड्रायव्हर वाढवा, नाही तर फेऱ्या कमी करा. तिसरा मार्ग नाही. नियम जाहीर होऊन दोन वर्षे होत आली होती. नव्या कॅप्टनची तयारी व्हायला वर्षे लागतात हे कंपन्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक. तरी हिवाळ्याचे वेळापत्रक भरगच्च लावले गेले. शिव्या मात्र खाल्ल्या काउंटरवरच्या पोरींनी आणि पायलटांनी.

वैमानिक आणि युनियन हे दोन शब्द आपल्याकडे एकत्र शोभत नाहीत. युनियन म्हटले की गिरणी, रेल्वे, एसटी. पण ही कल्पना फार जुनी आहे. अमेरिकेतल्या वैमानिकांनी १९३१ मध्ये संघटना बांधली. १९३४ मध्ये तिथे महिन्याला जास्तीत जास्त ८५ तास उड्डाण, असा निवाडा झाला. टपालाची विमाने वाटेल त्या हवेत उडवायला लावत आणि माणसे मरत, त्यातून ती संघटना उभी राहिली. आपल्याकडे एअर इंडियाच्या वैमानिकांची गिल्ड आणि इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची असोसिएशन या दोन्ही जुन्या. २००९ मध्ये जेट एअरवेजमध्ये संघटना काढली म्हणून दोघांना कमी केले, तेव्हा शेकडो वैमानिकांनी एकदम आजारी रजा टाकली आणि पाच दिवसांत व्यवस्थापनाला नमते घ्यावे लागले.

त्यांचे सगळेच बरोबर, असे मी म्हणणार नाही. २०१२ मधला एअर इंडियातला ५८ दिवसांचा संप आठवा. नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण आधी कुणाला, यावरून तो झाला. दोन कंपन्या एक झाल्या होत्या आणि दोन्हीकडच्या ज्येष्ठता याद्या एकमेकींत बसत नव्हत्या. ज्येष्ठता यादी म्हणजे काय आग असते ते मी जाणतो, आमच्याकडे दोन डेपो एकत्र झाले तेव्हा सख्खे मित्र बोलेनासे झाले होते. पण ऐन उन्हाळी सुट्टीत लोकांना दोन महिने वेठीला धरून वैमानिकांनी जी सहानुभूती घालवली, ती झोपेसारख्या खऱ्या प्रश्नावर पुढे उपयोगी पडली असती.

एरवी वैमानिकांच्या मागण्या पाहिल्या तर त्या फार साध्या असतात. हॉटेलची खोली लिफ्टशेजारी नको आणि पडदे जाड हवेत, कारण झोपायचे दिवसा असते. न्यायला येणारी गाडी वेळेवर यावी. सलग चार उड्डाणांत बसून जेवायला दहा मिनिटे मिळावीत. रजेचा अर्ज महिनाभर लोंबकळत राहू नये. नोकरी सोडायची तर २०१७ च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला एक वर्ष आणि को-पायलटला सहा महिने आधी सांगावे लागते. एवढी लांब मुदत दुसऱ्या कुठल्या नोकरीत माझ्या पाहण्यात नाही. आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे, 'मी दमलो आहे, आज उडवत नाही' हे सांगण्याचा हक्क. तसा फॉर्म भरता येतो. पण भरला की पुढच्या महिन्याच्या रोस्टरमध्ये नाव कुठे जाईल, ही धाकधूक राहते. एकट्या पोराला ती शंका विचारता येत नाही, दहा जणांच्या वतीने कुणी तरी विचारू शकतो. माझ्या मते युनियनचे खरे काम हे.

घरातले नियमही बदलतात. लेकीला खोकला झाला म्हणून हिने कपाटातले दशमूलारिष्ट काढले, तर ती दोन पावले मागे सरली. आसवा-अरिष्टांत आंबवण्यातून आपोआप मद्यार्क तयार होतो. श्वासचाचणीत तो आला तर परवान्यावर गदा. २०२३ पासून तर मद्यार्क असलेले माउथवॉशसुद्धा चालत नाही. साधी सर्दी झाली तरी विमान वर चढताना-उतरताना कानात कळा येतात, म्हणून तेव्हाही उडायचे नाही. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा, वर्षाला वैद्यकीय तपासणी. डोळा, कान, रक्तदाब, एक जरी आकडा बिघडला तर पगाराचा मोठा भाग थांबतो आणि शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता थांबत नाही. आमच्या घरी ती आली, की दुपारी कुकरची शिट्टी बंद आणि दारावर 'बेल वाजवू नये' अशी पाटी. शेजारच्या वहिनी आता फाटकातून हाक न मारता मोबाईलवर मिस्ड कॉल देतात.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाजावरून कळते, झोप झाली आहे की नाही. मी विचारले, "गणपतीला येणार का?"

"बाबा, रजा टाकलीय. पण रजा ज्येष्ठतेनं मिळते आणि आमच्या बेसवर मी खालून अकरावी आहे."

"मग?"

"तिघींनी आपापसांत ठरवलंय. एकीला आगमन, एकीला गौरी, मला विसर्जनाचा दिवस. रोस्टरवाल्यांनी मानलं तर रात्रीच्या बसनं येते."

"बसमध्ये झोपून घे," मी म्हटले.

"बसमध्ये कुठली झोप, बाबा? ड्रायव्हर जागा आहे का, तेच बघत बसते मी."