कॉलनी

कॉलनी : लॅटिनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत आलेला एक अनेकार्थी शब्द. परकीय सत्तेच्या अंमलाखालील दूरचा प्रदेश, एका समाजातील लोकांची परमुलखातील वस्ती, शहरातील आखीव निवासी भाग, एखाद्या कारखान्यातील वा कचेरीतील नोकरांची घरे आणि एकत्र राहणाऱ्या सजीवांचा समूह, हे त्याचे प्रमुख अर्थ होत. पहिल्या दोन अर्थांसाठी मराठीत ‘वसाहत’ हा शब्द रूढ आहे. निवासी भागास मात्र बहुधा कॉलनी असेच म्हणतात. हा शब्द ईकारान्त असल्याने ‘गल्ली’, ‘वाडी’ या शब्दांप्रमाणे तो मराठीत स्त्रीलिंगी ठरला व त्याचे ‘कॉलन्या’ असे अनेकवचन होऊ लागले.

व्युत्पत्ती : ‘कोलेरे’ या लॅटिन क्रियापदाचे जमीन कसणे, एखाद्या जागी राहणे, जोपासना करणे व देवतेची आराधना करणे असे अर्थ होते. त्यावरून शेत कसणाऱ्यास ‘कोलोनुस’ आणि अशा लोकांनी वसविलेल्या ठिकाणास ‘कोलोनिया’ ही नावे मिळाली. इंग्रजीतील ‘कल्चर’ (संस्कृती) हा शब्द व ‘ॲग्रिकल्चर’ (शेती) या शब्दाचा उत्तरार्धही याच क्रियापदापासून निघाला आहे. फिरणे वा वळणे या अर्थाच्या ज्या प्राचीन इंडो-यूरोपीय धातूशी त्याचा संबंध जोडतात, त्याच धातूपासून संस्कृतातील ‘चर्’ हा धातू व ‘चक्र’ हा शब्द आले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. या दृष्टीने परका वाटणारा कॉलनी हा शब्द मराठीतील ‘चरणे’ आणि ‘चाक’ यांचा दूरचा आप्त ठरतो.

अर्थविकास : रोमन लोक जिंकलेल्या मुलखात आपले नागरिक, विशेषतः निवृत्त सैनिक, जमिनी देऊन वसवीत. नव्या प्रांतावर पहारा राहावा व सैनिकांच्या निर्वाहाची सोय व्हावी, असे दोन्ही हेतू त्यात असत. जर्मनीतील कोलोन या शहराला इ. स. ५० मध्ये रोमन कोलोनियाचा दर्जा मिळाला व त्याचे नावच त्या शब्दावरून पडले. इंग्लंडमधील लिंकन या नावाच्या शेवटीही तोच शब्द दडलेला आहे. पुढे ‘कोलोनुस’ या शब्दाचे भाग्य पालटले. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात तो जमिनीशी जखडलेल्या कुळाचा वाचक बनला. पळून गेलेल्या अशा कुळास परत मूळ जमिनीवर आणावे, असा कायदा सम्राट कॉन्स्टंटीनने इ. स. ३३२ मध्ये केला. एकाच मूळ शब्दातून जेत्यांची वस्ती आणि बांधलेला शेतकरी हे दोन्ही अर्थ निपजले.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकात आला, तो रोमन वसाहतींच्या संदर्भात. सोळाव्या शतकात यूरोपीयांच्या समुद्रापलीकडील वस्त्यांना तो लावला जाऊ लागला. ब्रिटिशांनी १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियात वसविलेली वसाहत ही आरंभी कैद्यांची होती. या वस्त्यांसाठी घेतलेली भूमी पुष्कळदा निर्जन नव्हती. मूळ रहिवाशांना हुसकावून ती घेतलेली होती. त्यामुळे वस्ती हा अर्थ मागे पडून सत्ता हा अर्थ पुढे आला आणि ‘वसाहतवाद’ ही संज्ञा निंदाव्यंजक झाली.

ब्रिटिश शासनव्यवस्थेत हिंदुस्थानचा कारभार वसाहत-खात्याकडे नव्हता. त्यासाठी लंडनमध्ये स्वतंत्र खाते होते. पंजाबात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्या कालव्यांच्या पाण्यावर शेतकरी वसविले गेले. त्या ‘कालवा-वसाहतीं’त या शब्दाचा मूळ कृषिवाचक अर्थ पुन्हा प्रकट झाला. तेथील जमीनधारकांवर जाचक अटी घालू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध १९०७ मध्ये मोठे आंदोलन झाले व व्हाइसरॉयने ते विधेयक नामंजूर केले. मराठी राजकीय लेखनात ‘वसाहतीचे स्वराज्य’ हा शब्दप्रयोग याच काळात रुळला. १९२८ च्या नेहरू अहवालात त्याची मागणी होती; १९२९ च्या लाहोर काँग्रेसने ती मागे टाकून पूर्ण स्वराज्याचे ध्येय स्वीकारले.

जीवविज्ञानात मधमाश्या, मुंग्या व प्रवाळ यांच्या समूहांस हा शब्द लावतात. प्रवाळांसारख्या प्राण्यांच्या बाबतीत मराठीत ‘निवह’ ही संज्ञा वापरतात. घन पोषक माध्यमावर एका जीवाणूपासून वाढलेला, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा ठिपका हीदेखील कॉलनीच होय.

निवासी अर्थ : मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आल्यानंतर १८९८ मध्ये नगर-सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. दादर-माटुंगा भागातील त्याच्या योजनेतून रुंद रस्ते, झाडे व मोकळ्या जागा असलेली वस्ती उभी राहिली. तेथील पारशी कॉलनी मंचेरजी जोशी यांच्या प्रयत्नांनी आकारास आली; हिंदू कॉलनी तिच्या शेजारची. दाटीच्या चाळीहून वेगळे, हवेशीर व प्रतिष्ठित राहणे, असा भाव या शब्दास येथे चिकटला. तथापि तो सर्वत्र टिकला नाही. फाळणीनंतर कलकत्त्यात निर्वासितांनी मोकळ्या जमिनी बळकावून वसविलेल्या वस्त्याही कॉलन्याच म्हणविल्या जात. मुंबईतील आरे कॉलनी ही तर मुळात म्हशींच्या गोठ्यांसाठी आखलेली दुग्धवसाहत होय.

नाशिक शहरात या शब्दाचे व त्याच्या पर्यायांचे अनेक थर एकत्र आढळतात. गंगापूर रस्त्यालगतची पंडित कॉलनी, तसेच तिडके कॉलनी ही निवासी अर्थाची उदाहरणे. सातपूर व अंबड येथील कारखान्यांच्या क्षेत्रास ‘औद्योगिक वसाहत’ म्हणतात. म्हणजे तेथे वसतात ती माणसे नव्हेत, यंत्रे. शहर व औद्योगिक विकास महामंडळाने (स्थापना १९७०) वसविलेल्या नव्या नाशिकला तर ‘सिडको’ हे महामंडळाचे आद्याक्षरी नावच कायमचे चिकटले. दक्षिणेकडील इंदिरानगर हा भाग वडाळा व पाथर्डी या जुन्या गावांना जोडणाऱ्या रस्त्याच्या परिसरात पसरलेला आहे. येथे ‘नगर’ हा शब्द स्वतंत्र शहर या संस्कृत अर्थाने नसून शहराचा निवासी भाग, म्हणजे कॉलनी, याच अर्थाने आला आहे.

अशा वस्तीचा कायदेशीर आरंभ शेतीच्या समाप्तीने होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने (१९६६) शेतजमिनीवर घरे बांधण्यासाठी अकृषिक वापराची परवानगी आवश्यक ठरविली; पुढे तिच्यातील अटी बऱ्याच शिथिल झाल्या. परवानगीनंतर पिकाऊ जमिनीचे भूखंड पडतात आणि विहिरी, बांध व मळे नाहीसे होतात. नाशिकच्या ‘येवलेकर मळा’ यासारख्या स्थलनामांत तेवढी पूर्वीची खूण उरते. जमीन कसणाऱ्याच्या नावावरून निघालेला शब्द आज जेथे लागू होतो, तेथील जमीन बहुधा कोणी कसत नाही. तिच्यावर घर बांधणाऱ्याला त्यातून निवारा मिळतो आणि ती विकणाऱ्याचा पिढीजात व्यवसाय सुटतो. शब्दाच्या इतिहासात प्रारंभापासून असलेली वसणारे व उठणारे यांची ही जोडी त्याच्या आजच्या घरगुती अर्थातही कायम आहे.