औषध आयात होईल, आरोग्यसेविका कुठून आणणार?

राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये संप केला, तेव्हाही एक जुनंच उत्तर ऐकू आलं. मागणी रास्त आहे, पण तिजोरीत पैसा कुठे आहे? हे उत्तर शेवटपर्यंत ताणलं तर काय होतं, ते पाहायला लांब जायला नको. श्रीलंका आपल्या शेजारीच आहे.

२०२२ मधल्या तिथल्या पेट्रोलच्या रांगा आणि राष्ट्राध्यक्षांच्या निवासात घुसलेली गर्दी सगळ्यांना आठवते. त्याच्या काही महिने आधी इस्पितळं कोलमडू लागली होती. देशाची ऐंशी टक्क्यांहून जास्त औषधं बाहेरून येतात आणि ती घ्यायला डॉलर उरले नव्हते. मार्चमध्ये पेरादेनियाच्या रुग्णालयाने ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवल्या. आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर तेव्हा श्रीलंकेतच होते, त्यांनी लगेच मदत देऊ केली. नवजात बाळांच्या श्वासनलिकेत घालायच्या नळ्या संपत आल्या, तेव्हा डॉक्टरांवर त्या धुऊन पुन्हा वापरायची पाळी आली.

भारताचं एक अब्ज डॉलरचं कर्जसाह्य मिळालं, मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीचं कर्ज मंजूर झालं आणि औषधं हळूहळू परतली. मधल्या काळात टंचाईचा फायदा उठवणारेही निघाले. बनावट इम्युनोग्लोब्युलिनच्या खरेदीप्रकरणी माजी आरोग्यमंत्र्यांना २०२४ मध्ये अटक झाली. तरीही हे नुकसान भरून येण्यासारखं होतं. माणसं गेली, त्याचं काय?

जून २०२२ मध्ये सरकारने एक परिपत्रक काढलं. सरकारी कर्मचाऱ्यांनी पाच वर्षांपर्यंत बिनपगारी रजा घ्यावी, परदेशी नोकरी करावी आणि डॉलर घरी पाठवावेत. पगाराचा बोजा हलका होणार आणि वर परकीय चलन मिळणार, असा हिशेब होता. त्यात सप्टेंबरपर्यंत महागाई सत्तर टक्क्यांच्या आसपास गेली, जानेवारी २०२३ पासून प्राप्तिकराचा वरचा दर ३६ टक्के झाला. हजाराहून अधिक डॉक्टरांनी देश सोडला. शिवाय मंदीत लोक खासगी दवाखाना सोडून सरकारी रांगेत येतात. म्हणजे रुग्ण वाढतात तेव्हाच हात कमी होतात. मागे राहिलेल्यांतही दुही पडली. २०२४ च्या सुरुवातीला डॉक्टरांचा भत्ता दुप्पट झाला, परिचारिका-तंत्रज्ञांना काही मिळालं नाही. ते संपावर गेले आणि इस्पितळांत लष्कर आणावं लागलं.

पण या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिथली गावपातळीवरची प्रसविका. १९२६ मध्ये कळुतरा इथे देशातलं पहिलं आरोग्य केंद्र उभं राहिलं आणि त्यातून ही व्यवस्था वाढत गेली. काही हजार लोकवस्तीमागे एक प्रसविका. गरोदर बाईचं नाव नोंदवणं, घरी जाऊन तपासणं, बाळाचं वजन, लसीकरण, कुटुंबनियोजनाचा सल्ला, सारं तिच्याकडे. १९३० च्या सुमारास श्रीलंकेत लाख जन्मांमागे दोन हजारांवर माता दगावत. आज हा आकडा तिशीच्या आसपास आहे. मलेरियाचा बंदोबस्त आणि मुलींचं शिक्षण यांचाही त्यात वाटा आहेच. पण घरोघर फिरणारी ही बाई नसती, तर हे एवढ्या कमी खर्चात साधलंच नसतं, असं माझं ठाम मत आहे. तिथला सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आतबाहेरच राहिला आहे.

हे काम फिरतीचं आहे. संकटात दुचाकीला आठवड्याला चार लिटर पेट्रोल ठरलं. आरोग्य कर्मचाऱ्यांना इंधनासाठी आंदोलन करावं लागलं. त्याच वर्षी मका आणि दूधभुकटीअभावी ‘त्रिपोष’ या गरोदर बायका-मुलांच्या पूरक आहाराचं उत्पादन अडखळलं. घरभेटी आणि आहार एकाच वेळी आटले, तर त्याचा परिणाम त्या वर्षीच्या मृत्यूंच्या आकड्यांत लगेच दिसत नाही. तो मुलांच्या वजनात आणि उंचीत उतरतो, वर्षानुवर्षं राहतो.

ग्रीसनेही हा धडा घेतला आहे. २०१० नंतरच्या काटकसरीत व्यसनी लोकांना निर्जंतुक सुया पुरवण्याचं काम तोकडं पडलं. दरवर्षी सुयांमधून एचआयव्हीची लागण होणारे दहा-वीस जण सापडत, २०११ मध्ये एकदम अडीचशेच्या आसपास सापडले. साथ आटोक्यात आणायला पुढे अथेन्समध्ये मोठी मोहीम काढावी लागली.

आपल्याकडे आशा ताई आजही कामागणिक मोबदल्यावर राबतात. अभियानातली आरोग्यसेविका वर्षानुवर्षं कंत्राटावर असते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं वचन दिलं होतं. ते पाळलं गेलेलं नाही. चांगल्या वर्षांत ही गत, तर वाईट वर्षात कात्री पहिली कुणावर चालेल, हे सांगायला नको.

म्हणून येत्या अर्थसंकल्पाआधी आपापल्या आमदारांना दोन गोष्टी विचारा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविकेच्या किती जागा रिकाम्या आहेत? आणि राज्याचं उत्पन्न घटलं, तरी आशा आणि आरोग्यसेविकांचं मानधन दरमहा ठरल्या तारखेला मिळेल, अशी लेखी तरतूद तुम्ही सभागृहात मागणार आहात का?