एका मंगळवारचे दोन लाख रुग्ण

१ फेब्रुवारी २०११, मंगळवार. देशातल्या ८८० शहरा-गावांमधल्या ७,४०० डॉक्टरांनी त्या दिवशी एक जादा काम केलं. दवाखान्यात आलेल्या प्रत्येक रुग्णाची तक्रार आणि निदान त्यांनी लिहून ठेवलं. सगळी बेरीज झाली तेव्हा आकडे असे निघाले: रुग्ण २,०४,९१२ आणि त्यांची येण्याची कारणं ५,५४,१४६. हा ‘पोसायडन’ अभ्यास पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचा. डॉ. संदीप साळवी आणि सहकाऱ्यांनी तो २०१५ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध केला.

एका डॉक्टरच्या वाट्याला त्या दिवशी सरासरी २८ रुग्ण आले. वर्षाचे ३०० दिवस दवाखाना उघडणाऱ्या एखाद्या फॅमिली डॉक्टरला दोन लाख पाच हजार रुग्ण तपासायला जवळजवळ २५ वर्षं लागतील. म्हणजे एका माणसाची अख्खी प्रॅक्टिस देशाने एका दिवसात कागदावर उतरवली.

त्या कागदांवर काय होतं? निम्म्याहून जास्त रुग्णांना, म्हणजे लाखभर लोकांना, श्वसनाची काही ना काही तक्रार होती. दर तिसऱ्या माणसाला ताप होता. आणि १४.५ टक्के, म्हणजे सुमारे २९,७०० जण, रक्तदाबाचे रुग्ण होते. ज्याला आपण ‘किरकोळ सर्दी-खोकला’ म्हणतो, तेच दवाखान्यातलं सगळ्यात मोठं काम निघालं.

आता घड्याळ लावू. दवाखान्यात डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतो, याचा ६७ देशांतला धांडोळा २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये आला. त्यामागे २.८५ कोटी भेटींची नोंद होती. बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, भारतात साधारण दोन मिनिटं. पोसायडनमधल्या रुग्णामागे सरासरी २.७ कारणं होती. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर एका तक्रारीला ४४ सेकंद मिळतात. नाडी, स्टेथोस्कोप, गोळ्या आणि ‘परवा दाखवा’ हे सगळं त्यातच. स्वीडनच्या हिशेबाने २८ रुग्ण तपासायचे तर साडेदहा तास सलग बसावं लागेल. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये याहून अचाट हिशेब मांडला: २,५०० लोकांची जबाबदारी असलेल्या डॉक्टरने सगळ्या मार्गदर्शक सूचना तंतोतंत पाळायच्या ठरवल्या, तर त्याला दिवसाला २६.७ तास लागतील.

एवढ्या घाईत दवाखान्यात संशोधनाला सवड उरत नाही. मग संशोधन होतं कुठे? मुख्यतः मोठ्या इस्पितळांत. पण लोक तिथे असतात का? संशोधक कर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये अमेरिका-ब्रिटनच्या आकडेवारीवरून दाखवलं, की हजार प्रौढांपैकी महिन्याभरात ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं, २५० डॉक्टरकडे जातात, ९ इस्पितळात दाखल होतात आणि अध्यापन रुग्णालयापर्यंत पोचतो फक्त एक.

हे गणित पुण्याजवळच्या हिंजवडीला लावून पाहा. तिथल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कात रोज येणाऱ्यांची संख्या लाखांच्या घरातली. त्यांतले फक्त एक लाख धरले, तर महिन्यात ७५,००० जण कुरकुरतील, २५,००० जण दवाखान्याची पायरी चढतील आणि अध्यापन रुग्णालयात १०० जण दिसतील. पाठ्यपुस्तकं प्रामुख्याने त्या शंभरांवर बेतलेली. आणि सरकारी हिशेबात सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र बसतं. हा हिशेब रहिवाशांचा. सकाळी कंपनीच्या बसने येऊन रात्री परतणारा माणूस हिंजवडीत खोकला, तरी मोजला जातो दुसरीकडेच.

दवाखान्यातले रुग्ण संशोधनात न दिसण्याचा प्रश्न ब्रिटनने नोंदींनी सोडवला. १९८७ पासून फॅमिली डॉक्टरांच्या संगणकांतली, नावं वगळलेली माहिती एकत्र होत गेली आणि आज त्या साठ्यात सहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत. औषधाचा दुष्परिणाम वर्षांनंतर दिसला तरी तो शोधता येतो. आपल्याकडे डिजिटल आरोग्य खात्याचे ७० कोटींहून अधिक ‘आभा’ क्रमांक निघाले, पण क्रमांक असणं वेगळं आणि गल्लीतल्या दवाखान्यातली तपासणी त्यावर नोंदली जाणं वेगळं. ज्या हिंजवडीत जगभरच्या कंपन्यांची सॉफ्टवेअर लिहिली जातात, तिथल्याही एखाद्या दवाखान्याचा केसपेपर पेशंटच्या पिशवीतच घरी जातो.

म्हणून शेवटचा हिशेब. हिंजवडी, माण, मारुंजी आणि वाकड मिळून शंभर दवाखान्यांनी रोजचे २८ रुग्ण नोंदवायचे ठरवले, तर दोन लाख पाच हजारांचा आकडा ७४ कामाच्या दिवसांत गाठता येईल. त्यातून रात्रपाळी, वाहतुकीतला धूर, बैठं काम आणि बाहेरचं जेवण यांचा शरीराशी काय संबंध आहे, ते इथल्याच माणसांवरून कळेल. सॉफ्टवेअर अवघड नाही, रुग्णही कमी नाहीत. टंचाई आहे ती वेळेची: त्या दोन मिनिटांतली दहा सेकंदं नोंदीसाठी काढायची, तर ती कोणत्या तक्रारीच्या वाट्यातून काढायची, हे डॉक्टरने एकट्याने ठरवावं अशी अपेक्षा करून चालणार नाही. दवाखान्यात नोंद घेणाऱ्या माणसाचा पगार हाही संशोधनाचा खर्च धरावा लागेल.