आयनीभूत वायूचे आकाशक

रेडिओतरंगांचे प्रक्षेपण व ग्रहण करणारा आकाशक धातूचाच असला पाहिजे, असा नियम नाही. विद्युत्‌प्रवाह वाहून नेणारे कोणतेही माध्यम तत्त्वतः हे कार्य करू शकते. आयनीभूत वायू, म्हणजेच प्लाझ्मा, हे असे एक माध्यम होय. आयनीभूत वायूचा आकाशवाहक योजण्याच्या कल्पनेस अमेरिकेत हेटिंजर यांनी १९१९ मध्ये पेटंट मिळविले. 'प्लाझ्मा' ही संज्ञा लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये योजिली. येथे कल्पना नावाहून जुनी आहे.

प्लाझ्मातील इलेक्ट्रॉन समतोलापासून ढळले, की आयनांच्या आकर्षणामुळे ते आंदोलन पावू लागतात. दर घनमीटरातील इलेक्ट्रॉनांच्या संख्येचे वर्गमूळ काढून त्यास सुमारे ९ ने गुणले असता या आंदोलनांची कंप्रता हर्ट्‌झमध्ये मिळते. हिच्याहून कमी कंप्रतेचा तरंग प्लाझ्मा परतवून लावतो, अधिक कंप्रतेचा तरंग त्यातून पार जातो. आयनांबरावरून लघुतरंग परततात, ते याच कारणाने. घनमीटरात १० चा १८ वा घात इतके इलेक्ट्रॉन असल्यास ही सीमा ९ गिगाहर्ट्‌झ येते. संख्या शतांशावर आणल्यास ती ०.९ गिगाहर्ट्‌झवर उतरते. म्हणून एकच नळी ३ गिगाहर्ट्‌झच्या तरंगास कधी धातूप्रमाणे, तर कधी काचेप्रमाणे भासू शकते.

आकाशकाची पुनर्रचना शक्य होते ती यामुळेच. नळीच्या एका टोकाशी रेडिओ-कंप्रतेची शक्ती देऊन पृष्ठतरंगाने प्लाझ्मास्तंभ उभारल्यास शक्तीबरोबर त्याची लांबी बदलते. अ‍ॅलेक्सेफ व अँडरसन यांनी अमेरिकेत धातूच्या आकाशकाभोवती नळ्यांचे कडे उभारले. त्यातील एखादी नळी विझविली, की त्या दिशेस शलाकेला वाट मिळते. यंत्र फिरवावे लागत नाही. रडारच्या दृष्टीने आणखी एक लाभ आहे. विसर्जन थांबविल्यावर मागे काचेची नळी व उदासीन वायू एवढेच उरते, आणि शत्रूच्या रडारास परावर्तन देणारा धातूचा दांडा तेथे नसतो.

तथापि, येथे मूल्य द्यावे लागते. १ गिगाहर्ट्‌झच्या तरंगाचे क्षेत्र तांब्यात सुमारे २ मायक्रोमीटर शिरते. वरील दाट प्लाझ्मात ते सुमारे ५ मिलिमीटर शिरते. त्यामुळे बारीक नळी चालत नाही; तिचा व्यास या अंतराच्या कित्येक पट असावा लागतो. इलेक्ट्रॉनांचे वायूच्या रेणूंशी संघात होऊन तरंगाची ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून दाब अल्प ठेवणे इष्ट असते. शिवाय आयनीभवन टिकविण्यास शक्ती सतत खर्ची पडते आणि तप्त इलेक्ट्रॉनांचा औष्णिक गोंगाट ग्राहकात उतरतो.

तात्पर्य, स्थिर दिशेच्या साध्या प्रक्षेपणास धातूच श्रेयस्कर आहे. जेथे दिशा, कंप्रता किंवा अस्तित्वच क्षणात पालटावयाचे असते, तेथे मात्र प्लाझ्माच्या या उणिवा सोसणे अर्थपूर्ण ठरते.