माथ्यावरचा दिवा आणि ओट्यावरची सावली

घरातल्या दिव्यांविषयी बोलायला गिरणीकामगारांत वावरलेला माणूस कशाला, असे काहींना वाटले असेल. उजेडाचे शास्त्र आम्हांला शाळेत कोणी शिकवले नाही. ते साचेखात्यात आणि कायद्याच्या पुस्तकांत शिकावे लागले. मुंबईच्या गिरण्या आरंभी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालत. विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या सुमारास कामाचा दिवस आणखी लांबला. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा घालावी लागली. म्हणून कोठेही नवा दिवा लागला की आम्ही प्रथम विचारतो, हा कोणासाठी लागला?

अमळनेरात हल्ली जी घरे बांधली जातात त्यांत बैठक, जेवणाची जागा आणि स्वयंपाकाचा ओटा एकाच मोकळ्या खोलीत असतो. लोक याला नवी पद्धत म्हणतात. गिरणीच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत कामगाराने जन्मभर हेच केले. फक्त त्याला कोणी नकाशा म्हटले नाही. असो. अशा खोलीचे दिवे ठरतात कसे, ते आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. बैठकीवर फॉल्स सीलिंग, त्यात गोल दिव्यांच्या ओळी, मध्ये झुंबर; आणि ओट्याकडे उरलेला एक दिवा, तोही खोलीच्या मध्याकडे. ओट्यापुढची बाई भिंतीकडे तोंड करून उभी असते, दिवा तिच्या पाठीमागे. तिच्याच डोक्याची सावली तिच्या सुरीवर पडते. भरताच्या वांग्यातली अळी आणि डाळीतला खडा तिने त्या सावलीत शोधायचा!

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या १७ व्या कलमात दोन गोष्टी स्पष्ट घातलेल्या होत्या: दिव्याने डोळे दिपू नयेत, आणि डोळ्यांना ताण पडेल किंवा अपघात होईल अशी सावली पडू नये. गिरण्यांची करवतीच्या दातांसारखी छपरे याच विचाराची. त्यांच्या काचा उत्तरेकडे ठेवीत, म्हणजे ऊन आत न येता नुसता सम उजेड येई. जे कलम मालकाला लागू होते ते घरमालकाला लागू नव्हते, एवढाच काय तो फरक.

आता थोडा हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन उजेड पडला की त्याला एक लक्स म्हणतात. बसण्याउठण्याला शंभर-दीडशे लक्स पुरतात. चिरण्यानिवडण्याला सुमारे तीनशे लागतात. खोली वीस बाय बारा फुटांची, म्हणजे सुमारे २२ चौरस मीटर, धरली तर दीडशे लक्सला ३३०० ल्युमेन खाली पोचले पाहिजेत. निम्मा उजेड भिंती आणि झाकणे खातात, असे धरून चालावे. म्हणून दिव्यांतून ६६०० निघायला हवेत. नऊ वॅटचा एलईडी दिवा सुमारे ९०० ल्युमेन देतो. सात दिवे झाले. वीज लागली ६३ वॅट, म्हणजे जुन्या एका साठ वॅटच्या बल्बला लागे जवळजवळ तेवढीच! भिंती गडद रंगवल्या तर मात्र हा हिशेब कोलमडतो. (वनस्पती तुपासाठी १९४५ साली अमळनेरात जन्मलेली विप्रो पुढे दिवेही विकू लागली, तेव्हा या विषयावर गावाचा थोडा हक्क आहेच.)

ओट्याची गोष्ट निराळी. लहान दिव्याचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. छताचा दिवा ओट्यापासून सात फुटांवर, तर भिंतीतल्या कपाटाखालचा दोन फुटांवर. म्हणून कपाटाच्या पुढच्या कडेखाली नऊ-दहा वॅटची एक पट्टी लावली तर छतावरच्या चार दिव्यांनी होत नाही ते काम होते, आणि सावली मागे पडते. कपाट नसेल तर छतातला दिवा ओट्याच्या कडेच्या बरोबर वर घ्यावा, मागे नव्हे.

जेवणाच्या टेबलावर लोंबता दिवा शोभतो खरा. पण आपल्याकडे पाहुणे आले की टेबल भिंतीला जाते आणि पंगत जमिनीवर बसते. मग तो दिवा वाढणाऱ्याच्या कपाळाला लागतो. खान्देशच्या उन्हाळ्यात पंखा तर हवाच. दिवा पात्यांच्या वर आला की सावल्या खोलीभर फिरतात. म्हणून दिवे पात्यांच्या घेराबाहेर ठेवावेत. खोली एक असल्याने उजेडाचा रंगही एक असावा. तीन-चार हजार केल्व्हिनच्या दरम्यान भाकरी भाकरीसारखी दिसते. बटणे मात्र तिन्ही जागांची वेगळी असावीत, म्हणजे पहाटे डबा करणारीच्या दिव्याने बैठकीत निजलेला पाळीवाला जागा होणार नाही.

हे सारे स्लॅब टाकण्यापूर्वी ठरले पाहिजे, कारण तारांचे पाइप लोखंडाच्या जाळीबरोबरच बसतात. वायरमन खडू घेऊन येईल त्या दिवशी घरच्या बाईला ओट्याच्या जागी उभे करावे, आणि पहिली खूण तिच्या हातांच्या वर करून घ्यावी.