आधी एसएमपीएस, मग गेमचे कार्ड

संग्रामपूरहून तुमची गटाची ताई बोलते आहे.

मागच्या महिन्यात आमच्या बैठकीत एका वहिनीने अंतर्गत कर्जाचा अर्ज ठेवला. रक्कम २५,००० रुपये. कारण, मुलाच्या कॉम्प्युटरला गेमचे कार्ड. दोघी-तिघी हसल्या. "बियाण्याला देतो, दवाखान्याला देतो, आता खेळायलाही द्यायचं का?" वहिनी म्हणाली, "हप्ता मी शिलाईच्या पैशातून भरीन." फेडायची ऐपत होती, त्यामुळे नाही म्हणायचे कारण नव्हते. पण दुकानाची चिठ्ठी पाहून मी थांबले. त्यात कार्ड होते, एसएमपीएस नव्हता.

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यातली ती लोखंडी पेटी, जिला भिंतीवरच्या प्लगची वायर लागते. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करते आणि आतल्या भागांना वाटते. पंगतीत माणसे वाढली आणि पातेले तेच राहिले तर काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

माझ्या भावाने हीच चूक केली होती. जुन्या एसएमपीएसवर नवे कार्ड बसवले. गेम सुरू केला की कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा. एक दिवस जळका वास आला. एसएमपीएस तर गेलाच, सोबत मदरबोर्डही घेऊन गेला.

म्हणून आधी हिशेब करा. समजा कार्ड आरटीएक्स ३०६० आहे. ते एकटे १७० वॉट घेते. प्रोसेसर साधारण ६५ ते ९० वॉट, बाकी पंखे, डिस्क, बोर्ड मिळून ५० धरा. झाले सुमारे ३०० वॉट. तरी कंपनी या कार्डासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते. कारण गेम चालताना कार्ड क्षणभर एकदम जास्त वीज ओढते, आणि पूर्ण ताणावर सतत चालणारी पेटी तापते, लवकर थकते.

आता लेबल वाचायची युक्ती ऐका. मोठ्या अक्षरात लिहिलेल्या वॉटवर जाऊ नका. १२ व्होल्टच्या खाली किती ॲम्पियर लिहिले आहे ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः त्याच लाइनवर चालतात. वहिनीच्या मुलाने घरचे लेबल वाचून आणले. वर ४५० वॉट, पण १२ व्होल्टखाली १६ ॲम्पियर. म्हणजे फक्त १९२ वॉट! चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर हा आकडा ४० ॲम्पियरच्या पुढे असतो. कार्डाला लागणारी ६ किंवा ८ पिनची वायर त्या पेटीतूनच आलेली हवी, जोड देऊन बनवलेली नको.

"मोठी पेटी घेतली तर बिल वाढेल ना?" असे एका ताईने विचारले. नाही वाढत. मोठ्या पातेल्याने कोणी जास्त जेवत नाही. लागते तेवढीच वीज ओढली जाते. वाया किती जाते, ते मात्र पेटीच्या दर्जावर असते. '८० प्लस' ही खूण असेल तर घेतलेल्या विजेतली निदान ८० टक्के कामी येते. ३०० वॉट लागत असतील तर भिंतीतून जास्तीत जास्त ३७५ वॉट. रोज चार तास खेळला तर दीड युनिट, महिन्याला ४५ युनिट. हा आकडा कर्जाआधी घरात सांगून टाका.

आपल्याकडे वीज येते-जाते. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो, म्हणजे गेम चालू असताना वीज गेली तर तो टिकणार नाही. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. विजा कडाडत असतील तर प्लग काढा. आणि एसएमपीएसची पेटी घरी कधीही उघडू नका. बंद केल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये झटका देण्याइतकी वीज राहते.

शेवटी गटाची गोष्ट. चांगल्या एसएमपीएसला ३ ते ५ वर्षांची वॉरंटी मिळते. शेगावहून घ्या, खामगावहून घ्या, पण पक्के बिल घ्या. हप्ते संपायच्या आधी वस्तू जळली, तर जळलेल्या वस्तूचे हप्ते त्या माउलीलाच भरावे लागतात.

आम्ही कर्ज मंजूर केले, पण चिठ्ठी बदलून आणायला लावली. पहिल्या ओळीत एसएमपीएस, उरलेल्या पैशात बसेल ते कार्ड. पोरगा जरा हिरमुसला, पण ॲम्पियरचा गुणाकार त्यानेच बैठकीत सगळ्यांना करून दाखवला. तुमच्या गटात असा अर्ज आला, तर हसू नका. लेबल मागवा.