नांगर लोखंडाचा झाला तेव्हा गावचा सुतार काय करत होता?

शाळेतला इतिहासाचा प्रकल्प कसा तयार होतो, हे आता घरोघरी पाठ झाले आहे. स्टेशनरीच्या दुकानातून थोर शास्त्रज्ञांचा तक्ता आणायचा, चित्रे कापून चिकटवायची, मोबाइलवरून मजकूर उतरवायचा आणि शेवटच्या पानावर 'निष्कर्ष' म्हणून चार ओळी लिहायच्या. विषय 'शोध आणि नवनिर्मिती' असेल तर एडिसन आणि राइट बंधू ठरलेले. यात मुलांचा दोष फारसा नाही. ज्याचा एकही मूळ कागद आपल्या हाती लागणार नाही, अशा माणसावर संशोधन करायला सांगितले तर मूल उतरवूनच काढणार.

माझे मत असे, की माणूस बाजूला ठेवून मुलांच्या हाती वस्तू द्यावी, आणि तीही सायकलवर जाऊन बघता येईल अशी. सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातल्या शाळांसाठी अशी एक वस्तू तयारच आहे. ती म्हणजे किर्लोस्करांचा लोखंडी नांगर.

त्याची रूढ गोष्ट थोडक्यात अशी. १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र आणि विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी लोखंडी नांगर. शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमिनीला विष चढेल. सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. बेळगावच्या नगरपालिकेने जागा घेतली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगाने भरलेला माळ दिला, दहा हजार रुपयांचे कर्ज दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

गोष्ट छान आहे, पाठ होते, बक्षीस समारंभात सांगताही येते. पण संशोधन सुरू होते ते तिच्या एकेका वाक्यापाशी थांबल्यावर. मार्गदर्शक शिक्षकाने ही गोष्ट फळ्यावर लिहावी आणि प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न मांडावा : हे त्या वेळी कोणी लिहून ठेवले, की नंतर कोणी सांगितले?

'लोखंडाने जमिनीला विष चढेल' हेच वाक्य घ्या. न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले. अमेरिकी पुस्तकांत त्याची जी हकिगत येते, तीतही शेतकरी हेच म्हणतात, की लोखंडाने जमीन नासेल आणि तण माजेल. दोन खंड, मध्ये शंभराहून अधिक वर्षे आणि शंका अगदी तीच! दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना ती खरोखरच वाटली असेल. किंवा नव्या यंत्राची गोष्ट सांगताना अडाणी शेतकऱ्याचे पात्र लागतेच, म्हणून एकीकडची ओळ दुसरीकडे गेली असेल. नववीच्या मुलांसमोर हा पेच टाकून बघा, वर्ग जागा होतो.

याच जागी एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीच्या लक्षात एक गोष्ट येऊ शकते, जी पुस्तके वाचणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. लाकडी नांगरालाही फाळ लोखंडाचाच असे. खोड, हळस, रुमणे, जू हे सारे लाकडाचे. पण मातीत शिरणारे टोक लोहाराने घडवलेले. लोखंड तर पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत जातच होते! मग भीती नेमकी कशाची होती? लाकडी नांगर जमीन चिरतो, उलटत नाही. लोखंडी नांगराचा वळणदार पत्रा खालची माती वर आणून पालथी घालतो. हराळी आणि कुंदा यांच्या खोल गेलेल्या मुळ्या त्यामुळे उपटून निघतात, हा फायदा. पण खालची माती वर आली तर पिकाचे काय होईल, ही शंका कोरडवाहू शेतकऱ्याला आली असेल तर ती अडाणीपणाची म्हणता येत नाही. शिवाय किंमत होती. फाळ झिजला, बोल्ट तुटला तर नवा कुठून आणायचा, हाही प्रश्न होता. 'विष' या एका शब्दाखाली कितीतरी व्यवहारी कारणे झाकली गेली असतील. मुलांनी प्रकल्पात हे 'असेल' म्हणूनच लिहावे. पुराव्याशिवाय 'आहे' लिहिले तर शिक्षकाने लाल पेन चालवावे, तिथे दयामाया नको.

आता गावाकडे वळू. लाकडी नांगर करणारा आणि दुरुस्त करणारा सुतार हा बलुतेदार. त्याला रोख मजुरी नव्हती. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ सालचे, म्हणजे किर्लोस्करवाडीचे कारखाने नुकते उभे राहत होते त्याच काळातले. बलुत्याची सारी व्यवस्था त्यात आली आहे. लोखंडी नांगर आला तो कारखान्यातून, रेल्वेने आणि रोख पैशांत. त्याचा सुटा भागही दुकानातून. मग सुताराचा वाटा कमी झाला का? की मोट, गाडी, पाभर, कुळव यांचे काम उरले म्हणून त्याचे चालून गेले? त्याची पुढची पिढी कारखान्यात लागली का? छापील जीवनचरित्रे याबद्दल फारशी बोलत नाहीत. म्हणूनच हा विषय प्रकल्पाला उत्तम. नव्या वस्तूचा इतिहास लिहिताना ती वापरणारा आणि तिच्यामुळे काम बदललेला, असे दोघेही हवेत. शोधकर्त्याला पान भरपूर मिळतेच.

साधनांची अडचण येते अशी तक्रार शिक्षक करतात. थोडी येते, पण वाटते तितकी नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सातारा खंड १८८५ चा. त्यात शेतीची अवजारे, पिके, बैल यांची वर्णने आहेत, म्हणजे लोखंडी नांगरापूर्वीचे चित्र मिळाले. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची केलेली पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली; तीत जमिनीचे तुकडे आणि कर्ज यांचा हिशेब आहे. ज्याची जमीन तुकड्यातुकड्यांत विखुरली आहे आणि डोक्यावर सावकार आहे, तो नवा नांगर कसा घेणार, हे आकड्यांवरून मुलांनाच काढता येते. मग १९२० मध्ये सुरू झालेले 'किर्लोस्कर खबर'. शंकरराव किर्लोस्करांनी संपादित केलेले हे मासिक आरंभी कारखान्याचेच पत्र होते. ते वाचताना मुलांनी विचारावे, की मालाचे कौतुक मालकाच्याच मासिकात असेल तर त्यावर किती भरवसा ठेवायचा? अविश्वासाने फेकून द्यायचे नाही. जाहिरातीतला मजकूर ग्राहकाच्या मनातल्या शंका नकळत सांगतो. 'तुटत नाही' असे ठासून छापले असेल, तर तुटण्याची तक्रार कुठेतरी होती हे ओळखावे. शंतनुराव किर्लोस्करांचे 'कॅक्टस अँड रोझेस' हे आत्मचरित्रही आहे. घरच्या माणसाने सांगितलेली गोष्ट म्हणून ते वाचायचे, न्यायालयाचा निकाल म्हणून नव्हे.

संदर्भांबाबत एक शिस्त बाहेरून उचलण्याजोगी आहे. अमेरिकेत १९७४ साली क्लीव्हलँडमध्ये सुरू झालेली 'नॅशनल हिस्टरी डे' ही शालेय स्पर्धा दरवर्षी एक सूत्र देते. २०१० चे सूत्र इतिहासातली नवनिर्मिती हेच होते. तिथे नुसती संदर्भसूची चालत नाही. प्रत्येक संदर्भाखाली तो कशासाठी वापरला, हे मुलांना दोन-तीन वाक्यांत लिहावे लागते. मूळ साधने आणि नंतर लिहिलेली पुस्तके यांच्या याद्या वेगळ्या. एवढी एक अट घातली तरी आपल्याकडची निम्मी उतरवाउतरवी बंद पडेल. न वाचलेल्या पुस्तकाबद्दल तीन वाक्ये लिहिणे फार अवघड असते!

पेटंटच्या मागे मात्र मुलांना फार धावू देऊ नये. १८५६ मध्ये जॉर्ज डी पेनिंग यांनी कलकत्त्यात पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला, तो भारतातला पहिला मानतात. माहिती गमतीची आहे. पण एखादे यंत्र नोंदले गेले म्हणजे ते कोणी वापरले असे होत नाही. खेड्यातल्या लोहाराने फाळाचा कोन थोडा बदलला, त्याची नोंद कुठल्याच कचेरीत नसते.

राहिल्या मुलाखती. 'आजोबा, तुमच्या काळात काय बदल झाले?' असे विचारले की भाषण ऐकायला मिळते. त्याऐवजी गोठ्यामागे पडलेला जुना नांगर दाखवून विचारावे : याला किती बैल लागायचे? फाळ कुठे भरून आणायचे? हा आणला त्या वर्षी काय विकले? वस्तू समोर असली की आठवणी मुद्द्याला धरून येतात. आजीलाही वेगळे बसवून विचारावे, कारण नांगरट खोल झाली की खुरपणीचे काम वाढले की घटले, हे तिलाच ठाऊक. बैलांची संख्या आजोबा एक सांगतील आणि शेजारचे काका दुसरी, तर दोन्ही लिहून ठेवायच्या. सरासरी काढायची नाही.

आणि प्रकल्प जूनमध्ये देऊन फेब्रुवारीत आठवण करण्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत द्यावा. माळे उपसले जातात ते याच दिवसांत. नांगराची पावती, सोसायटीचे कर्जपुस्तक, फाटके मासिक, गंजलेला फाळ असे काही निघाले, तर रद्दीवाला किंवा भंगारवाला येण्याआधी त्याचा फोटो काढायचा. फाळाची लांबी-रुंदी मोजायची, त्यावर कारखान्याची अक्षरे उमटलेली असतील तर ती जशीच्या तशी उतरवायची. वस्तू कोणाच्या घरात, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडली, हे वहीत लिहायचे. ती वापरणारा कोण होता, हे घरातल्या दोघांना तरी वेगवेगळे विचारायचे. मग गावात सुताराचे घर कुठे होते ते शोधायला निघायचे.